एम.बी.ए. करायचे? आधी काम ठरवा, मग कॉलेज निवडा!

गेल्या वर्षावासातला एक रविवार. विहारात त्रिसरण-पंचशील झाले, ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’चे वाचन आटोपले, मंडळी उठून चपला शोधू लागली. तेवढ्यात एक जोडपे आपल्या मुलाला घेऊन जवळ आले. “जय भीम सर. पाच मिनिटं होती का?”

वडील रेल्वेच्या वर्कशॉपमधून फिटर म्हणून निवृत्त झालेले. मुलगा अठ्ठावीस वर्षांचा, बी.कॉम. झालेला. भिवंडीकडे ऑनलाइन मालाच्या एका मोठ्या गोदामात तो शिफ्ट सुपरवायझर आहे. पगार हातात सत्तावीस हजार. रात्रपाळ्या करून कंटाळला होता. त्याच्याच गोदामात लॅपटॉप घेऊन येणारी, चार दिवस राहून जाणारी हेड ऑफिसची मुले तो पाहत होता. आपणही ‘टेक’मध्ये जायचे, असे त्याने मनाशी ठरवले होते.

आईने पिशवीतून एक गुळगुळीत कागदाची पुस्तिका काढली. काचेची इमारत, हिरवळ, टाय लावलेले तरुण. ‘टेक्नॉलॉजी मॅनेजमेंट’, ‘शंभर टक्के प्लेसमेंट’, मोठ्या कंपन्यांच्या चिन्हांची रांग. दोन वर्षांची फी चौदा लाख. जागा राखून ठेवण्यासाठी तीन दिवसांत पन्नास हजार भरायचे होते. वडील फंडाची मुदतठेव मोडायला तयार होते, मुलगा कर्ज काढायला तयार होता. आई मात्र गप्प होती. शेवटी ती म्हणाली, “सर, माझं शिक्षण चौथीपर्यंत. मला एवढंच सांगा, हे शिकून पोरगा सकाळी कामावर जाऊन नेमकं करणार काय?”

वडिलांनी मुलाकडे पाहिले, मुलाने पुस्तिकेकडे. उत्तर कोणाजवळच नव्हते.

वाचकहो, हा लेख त्या माउलीच्या प्रश्नासाठी लिहिला आहे. आज आपल्या वस्त्यांतून पदवीधर मुले-मुली हजारोंनी बाहेर पडत आहेत. कोणी गोदामात आहे, कोणी कॉल सेंटरमध्ये, कोणी पतपेढीत, कोणी औषध कंपनीत विक्रीवर. पंचवीस-तिशीच्या उंबरठ्यावर त्यांना वाटते की संगणक आणि इंटरनेटच्या धंद्यात शिरावे. वाटण्यात चूक काहीच नाही. पण कॉलेज निवडताना आपण इमारत पाहतो, जाहिरात पाहतो, शेजारच्याचा मुलगा कुठे गेला ते पाहतो. आधी काम ठरवले, तर निम्मी कॉलेजे आपोआप गळतात. उरलेल्यांतून निवडणे सोपे जाते.

‘टेक’ म्हणजे फक्त कोडिंग नव्हे

सॉफ्टवेअर कंपनीत सगळेच प्रोग्रॅम लिहीत बसत नाहीत. एम.बी.ए. झालेल्यांना तिथे जी कामे मिळतात ती ढोबळमानाने अशी आहेत.

बिझनेस अॅनालिस्ट. गिऱ्हाइकाला काय हवे ते समजून घ्यायचे आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला कळेल अशा भाषेत मांडायचे. डेटा अॅनालिस्ट. आकड्यांच्या ढिगातून कुठे नुकसान होते, कुठे नफा होतो ते शोधायचे. प्रॉडक्ट मॅनेजर. मोबाईलवरच्या अॅपमध्ये पुढे काय बदल करायचा, आधी कोणता आणि नंतर कोणता, हे ठरवून करून घ्यायचे. प्रोजेक्ट आणि ऑपरेशन्स. काम वेळेत आणि ठरल्या पैशांत पूर्ण करून घ्यायचे. शिवाय सॉफ्टवेअर विकण्याचे, कर्मचारी भरतीचे आणि हिशेबाचे कामही तिथे असतेच.

आता त्या मुलाकडे पाहा. परत आलेला माल स्कॅनिंगमध्ये कुठे अडकतो, दिवाळीच्या गर्दीत कोणती रांग तुंबते, स्क्रीनवर माल दिसतो पण फळीवर का सापडत नाही, हे त्याला पाठ आहे. गोदामाचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीला नेमके हेच माहीत असणारा माणूस हवा असतो. त्याची पाच वर्षे वाया गेलेली नाहीत, ते त्याचे भांडवल आहे. परिचारिकेला हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरची वाट आहे, पतपेढीतल्या मुलीला बँकेच्या सॉफ्टवेअरची. क्षेत्र बदलताना जुना अनुभव फेकून द्यायचा नसतो, तो बरोबर न्यायचा असतो.

दुसरी गोष्टही स्पष्ट सांगितली पाहिजे. यातल्या प्रत्येक कामाला एम.बी.ए. लागतेच असे नाही. डेटा अॅनालिस्टचे काम एक्सेल, एस.क्यू.एल. आणि थोडे संख्याशास्त्र यांवर सुरू होते. स्वयम् आणि एन.पी.टी.ई.एल.वर हे विषय घरबसल्या विनाशुल्क शिकता येतात, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची असेल तरच शुल्क पडते. आय.आय.टी. मद्रासने २०२१ पासून डेटा सायन्सचा ऑनलाइन पदवी अभ्यासक्रम सुरू केला आहे. नोकरी सांभाळून तो करता येतो आणि अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांना फीत मोठी सवलत आहे. म्हणून पहिले सहा महिने खिशातून काही न घालता हे शिकून पाहा. गोडी लागली तर पुढे जा. नाही लागली, तर चौदा लाख वाचले असे समजा.

मग एम.बी.ए. कशासाठी? मुख्यतः दारासाठी. चांगल्या संस्थेत मोठ्या कंपन्या स्वतः मुलाखती घ्यायला येतात. ज्यांचा मामा-काका कोणत्याही ऑफिसात नाही, अशा मुलांना हे दार एरवी सहजी उघडत नाही. पण संस्थेच्या दारात कंपन्या येतच नसतील, तर त्या फीला अर्थ काय?

आणखी एक सावधगिरी. हे क्षेत्र म्हणजे सरकारी नोकरी नव्हे. २०२२-२३ मध्ये जगभरच्या टेक कंपन्यांनी मोठी कपात केली. २०२४ मध्ये नामवंत संस्थांतही नोकऱ्या मिळायला नेहमीपेक्षा वेळ लागला. जुलै २०२५ मध्ये टी.सी.एस.ने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे नवख्यांची साधी कामे यंत्राकडे जात आहेत. याचा अर्थ जाऊच नये असा नाही. डोक्यावर किती कर्ज घेऊन जायचे, ते मात्र मोजून ठरवले पाहिजे.

जाहिरातीला कालाम सुत्ताची कसोटी

केसपुत्त नगरातल्या कालामांनी तथागतांना विचारले होते, की निरनिराळे उपदेशक येतात, प्रत्येक जण आपलेच खरे म्हणतो, आम्ही कोणाचे मानावे? भगवंतांनी त्यांना सांगितले की केवळ ऐकीव आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून, सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका, स्वतः पारखून घ्या. कॉलेजच्या पुस्तिकेलाही हीच कसोटी लावू या.

पहिले, ‘सरासरी पॅकेज’ला भुलू नका. पाच मुलांचे वार्षिक पगार सहा, सात, आठ, नऊ आणि सत्तर लाख असतील तर सरासरी येते वीस लाख. पण पाचांपैकी चौघांना दहा लाखसुद्धा मिळालेले नाहीत. मुलांना पगाराप्रमाणे रांगेत उभे केले तर मधल्या मुलाला मिळाले आठ लाख. या मधल्या आकड्याला ‘मीडियन’ म्हणतात. तोच विचारा.

दुसरे, नोकरीचा अहवाल तपासलेला आहे का ते पाहा. आय.आय.एम. अहमदाबादच्या पुढाकाराने यासाठी एक ठराविक नमुना तयार झाला आहे. काही संस्था त्या नमुन्यात, बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासून घेतलेला अहवाल प्रसिद्ध करतात. वर्गात किती मुले होती, नोकरीसाठी किती बसली, किती जणांना मिळाली, कोणत्या प्रकारचे काम मिळाले, हे सर्व त्यात कळते. ‘शंभर टक्के’ म्हणजे कधी कधी नोंद केलेल्यांपैकी शंभर टक्के असतात. ज्यांना नोंदच करू दिली नाही ते हिशेबात नसतात.

तिसरे, कंपनीचे चिन्ह नव्हे, काम विचारा. एखाद्या नामांकित कंपनीने मुले घेतली हे खरे असेलही, पण कशावर? प्रॉडक्टवर, की घरोघरी विक्रीवर? आणि आपल्या मुलासारखी, म्हणजे इंजिनीअर नसलेली, दुसऱ्या क्षेत्रातून आलेली किती मुले टेकच्या कामावर लागली? हा प्रश्न लेखी विचारावा. संस्था चांगली असेल तर उत्तर येते.

चौथे, दोन माजी विद्यार्थ्यांना भेटा. संस्थेने निवडून दिलेले नकोत, आपण शोधलेले हवेत. शक्यतो आपल्याच समाजातले, आपल्याच परिस्थितीतून गेलेले. समाजात आता अशी मुले आहेत. संकोच करू नका, फोन करा.

पाचवे, मान्यता पाहा. पी.जी.डी.एम. असेल तर ए.आय.सी.टी.ई.ची, एम.बी.ए. पदवी असेल तर विद्यापीठाची. केंद्र सरकार २०१६ पासून संस्थांची एन.आय.आर.एफ. क्रमवारी जाहीर करते, त्यात व्यवस्थापन संस्थांची वेगळी यादी असते. आयुष्याचा निर्णय केवळ क्रमवारीवर घेऊ नये, पण जी संस्था कुठल्याच यादीत नाही आणि पानभर जाहिरात मात्र देते, तिच्याविषयी शंका घ्यावी. अशाच पानभर जाहिरातींनी देशभर गाजलेल्या एका खासगी संस्थेला २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘एम.बी.ए.’ हा शब्द वापरण्यास मनाई केली. तिथे शिकलेल्या मुलांच्या आई-वडिलांनी मोजलेले पैसे परत कोण देणार?

सहावे, मोठ्या नावाचे छोटे प्रमाणपत्र. नामवंत संस्थांच्या नावाने काही महिन्यांचे ऑनलाइन कोर्स विकले जातात. फी लाखांत असते. शिकायला ते चांगले असतीलही, पण ती पदवी नव्हे. कॉलेजात कंपन्या येऊन नोकरी देतात, तसे तिथे सहसा होत नाही. फोनवरचा माणूस ‘आज शेवटचा दिवस’ म्हणाला, की फोन ठेवून द्यावा.

आणि लक्षात असू द्या, मुलाची मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही संस्थेला नाही.

दारे कोणती आणि किल्ल्या कोणत्या

आपल्या मुलांसाठी दोन मोठी दारे आहेत.

पहिले दार ‘कॅट’ परीक्षेचे. साधारणपणे नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी ही परीक्षा संगणकावर होते. अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरात भरायचा असतो. इंग्रजीचे आकलन, माहितीचे विश्लेषण आणि गणित असे तीन भाग, प्रत्येकी चाळीस मिनिटे. सर्व आय.आय.एम. याच परीक्षेने घेतात. महाराष्ट्रात आता दोन आहेत. नागपूरचे २०१५ मध्ये सुरू झाले. मुंबईतील पवईच्या ‘निटी’ला २०२३ मध्ये आय.आय.एम. मुंबई हे नाव मिळाले. पवईच्या आय.आय.टी.तही १९९५ पासून व्यवस्थापन शाळा आहे. दिल्ली विद्यापीठाची ‘एफ.एम.एस.’ ही १९५४ पासूनची संस्थाही कॅटनेच घेते. जुन्या आय.आय.एम.ची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे असताना तिथली फी दोन-अडीच लाखांच्या घरात आहे. फी जास्त म्हणजे शिक्षण चांगले, हा समज या एका उदाहरणाने खोटा ठरतो.

या केंद्रीय संस्थांत अनुसूचित जातींना १५ टक्के जागा आहेत. पदवीला ५० ऐवजी ४५ टक्के गुण चालतात. परीक्षेची फीही निम्मी आहे. काही संस्था नोकरीच्या अनुभवाला वेगळे गुण देतात, म्हणजे गोदामातली पाच वर्षे इथेही उपयोगी पडतात.

दुसरे दार राज्याच्या एम.बी.ए. सी.ई.टी.चे. दोनशे प्रश्न, अडीच तास, चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. पुढे ‘कॅप’ म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतून कॉलेज मिळते. मुंबई विद्यापीठाची १९६५ साली सुरू झालेली जमनालाल बजाज संस्था, राज्य शासनाची सिडनहॅम व्यवस्थापन संस्था, पुणे विद्यापीठाचा व्यवस्थापन विभाग अशा संस्थांना इथूनच वाट आहे. कॅपमध्ये अनुसूचित जाती आणि त्यातून बौद्ध झालेल्यांना १३ टक्के जागा आहेत. अल्पसंख्याक दर्जाच्या खासगी संस्थांना हे आरक्षण लागू नसते. अभिमत विद्यापीठांचे प्रवेशही कॅपबाहेर होतात. एक वर्षाच्या ‘एक्झिक्युटिव्ह’ अभ्यासक्रमांचे नियम संस्थेगणिक निराळे असतात. अशा ठिकाणी आरक्षण, शिष्यवृत्ती काहीच गृहीत धरू नका, लेखी विचारा.

आता किल्ली. धर्मांतरानंतर केंद्राच्या सवलतींसाठी आपल्या समाजाला चौतीस वर्षे झगडावे लागले. १९९० साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांना केंद्रातही अनुसूचित जातीचा दर्जा मिळाला. तो हक्क कागदावर सिद्ध करावा लागतो. आय.आय.एम.साठी केंद्र शासनाच्या नमुन्यातील जातीचे प्रमाणपत्र लागते. राज्याच्या प्रवेशासाठी जातीच्या प्रमाणपत्राबरोबर जात वैधता प्रमाणपत्र लागते. हे दोन्ही कागद अभ्यासाला बसण्यापूर्वी मार्गी लावा. परीक्षेत चांगले गुण मिळवून केवळ कागद वेळेवर नव्हता म्हणून मागे फिरलेली मुले आम्ही पाहिली आहेत. त्यासारखे दुःख नाही.

स्वयंपाकघरातला हिशेब

सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक खर्चाला, दोन उद्योगाला आणि चौथा अडीअडचणीसाठी राखून ठेवायचा. वडिलांची फंडाची ठेव हा तो चौथा भाग. त्याला हात लावण्यापूर्वी पेन्सिल घेऊन बसा.

त्या दिवशी आम्ही विहाराच्या ओट्यावर बसून हिशेब केला. चौदा लाखांचे कर्ज, दहा टक्के व्याज, दहा वर्षांची फेड. महिन्याचा हप्ता येतो साडेअठरा हजार. शिकत असतानाचे व्याज साठले तर आणखी जास्त. दोन वर्षांचा बुडालेला पगार सुमारे साडेसहा लाख. म्हणजे खरी किंमत चौदा नव्हे, वीस लाखांवर. पुस्तिकेतल्या त्या कॉलेजचा मीडियन त्या मुलाने फोन करून, तीनदा विचारून मिळवला. तो निघाला वर्षाला सहा लाख. कपाती जाऊन हातात समजा बेचाळीस हजार पडले. त्यातून हप्ता गेला, उरले साडेतेवीस हजार. आज बिनकर्जाचे सत्तावीस हजार येत आहेत! वडील कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले.

आता दुसरी बाजू. राज्याच्या कॅपमधून प्रवेश घेतला आणि कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल, तर भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते. उत्पन्न त्यावर असेल तर फ्रीशिप, म्हणजे शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्काची प्रतिपूर्ती. अर्ज महाडीबीटीवर करायचा. त्याच कॉलेजात व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर हा लाभ जातो. म्हणून ‘कॅपच्या भानगडीत पडू नका, थेट सीट देतो’ म्हणणारा एजंट तुमचा हितचिंतक नव्हे. पैसे येण्यास उशीर होतो आणि कॉलेज फीचा तगादा लावते, हा अनुभव अनेकांचा आहे. अशा वेळी जिल्ह्याच्या समाजकल्याण सहायक आयुक्तांच्या कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

आय.आय.एम.सारख्या निवडक संस्थांत प्रवेश मिळाल्यास केंद्र सरकारची अनुसूचित जातींसाठी ‘टॉप क्लास’ शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांपर्यंत असावे लागते. शिकवणी फी, राहण्याचा खर्च, पुस्तके आणि संगणक यांसाठी तिच्यातून मदत होते. प्रत्येक संस्थेत जागा ठरलेल्या असतात, म्हणून प्रवेश मिळताच पहिल्याच आठवड्यात संस्थेच्या शिष्यवृत्ती विभागात जा.

तरीही कर्ज लागलेच तर बँकेला प्रधानमंत्री विद्यालक्ष्मी योजनेविषयी विचारा. नोव्हेंबर २०२४ मध्ये तिला मंजुरी मिळाली. निवडक दर्जेदार संस्थांसाठी तारण किंवा जामीनदार न मागता कर्ज द्यावे अशी तिची रचना आहे. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना, अन्य सरकारी शिष्यवृत्ती किंवा व्याज सवलत घेत नसल्यास, दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याज सवलत आहे. १९७८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाकडेही शैक्षणिक कर्जाची चौकशी करावी. नियम आणि रकमा बदलत असतात, म्हणून त्या-त्या वर्षीची सूचना स्वतः वाचावी. सावकाराचे दार आणि घरातले सोने शेवटी.

सिडनहॅमचा प्राध्यापक

नोकरी करता करता पुन्हा शिकायला जाणे आपल्याला नवे नाही. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून बाबासाहेबांना लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून परतावे लागले. बडोद्यात अस्पृश्यतेने त्यांना राहू दिले नाही. मुंबईत शेअर बाजाराविषयी सल्ला देण्याचा व्यवसाय त्यांनी सुरू केला, पण सल्ला देणारा अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाईक फिरकेनासे झाले. नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार चांगला होता. दुसरा कोणी असता तर तिथेच सुखाने राहिला असता.

बाबासाहेबांनी मात्र मार्च १९२० मध्ये ती नोकरी सोडली. साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले पाच हजारांचे कर्ज एवढ्या बळावर ते पुन्हा लंडनला गेले. इकडे परळच्या चाळीत रमाईने काटकसरीने संसार ओढला. बाबासाहेबांना काय शिकायचे, कोणत्या संस्थेत शिकायचे आणि त्याचे पुढे काय करायचे, हे जाण्यापूर्वीच पक्के ठाऊक होते. १९२३ साली ते डी.एस्सी. झाले. त्यांनी कर्ज काढले, आपणही काढू शकतो. पण त्यांच्यासारखे आधी ठरवून काढू या. आणि घरातल्या रमाईला न विचारता तर मुळीच नको.

आत गेल्यावर

प्रवेश मिळाला की लढाई संपत नाही. पहिले चार-सहा महिने हिशेब, संख्याशास्त्र आणि इंग्रजीतले सादरीकरण यांनी दमछाक होते. वाणिज्य किंवा कला शाखेच्या मुलांनी जाण्यापूर्वीच दहावीपर्यंतचे गणित आणि एक्सेल घोटून घ्यावे. ‘कोट्यातून आलात ना?’ हा प्रश्न कधी उघड, कधी हसत कानावर येईल. मान खाली घालू नका. तो कोटा कोणाची मेहेरबानी नाही, संविधानाने दिलेला हक्क आहे. संस्थेतला अनुसूचित जाती-जमाती कक्ष कुठे आहे, हे पहिल्याच दिवशी पाहून ठेवा. त्रास झाला तर लेखी तक्रार करा आणि घरी सांगा. आई-वडिलांनीही दर आठवड्याला फोनवर मार्कांबरोबर ‘जेवलास का, मित्र कोण झाले’ हेही विचारावे. एकटे पडलेले मूल मार्क सांगते, मनातले सांगत नाही.

आणि जे शिकून पुढे गेले त्यांनाही एक विनंती. आपल्या विहारात वर्षातून दोन रविवार द्या. फॉर्म कसा भरायचा, मुलाखतीत काय विचारतात, एवढे सांगितलेत तरी पुष्कळ. भाषण नको, बाकावर शेजारी बसून सांगा.

त्या माउलीचे उत्तर

त्या कुटुंबाने पन्नास हजार भरले नाहीत. मुलाने नोकरी सोडली नाही. रात्रपाळी करून सकाळी दोन तास तो एस.क्यू.एल. शिकू लागला. परत येणाऱ्या मालाचा हिशेब त्याने स्वतः एक्सेलमध्ये मांडून साहेबांना दाखवला. दरम्यान वडिलांनी तहसील आणि समाजकल्याणच्या फेऱ्या मारून दोन्ही प्रमाणपत्रे हातात आणली. कॅटमध्ये मुलाचे जमले नाही. इंग्रजी आडवे आले. सी.ई.टी.त मात्र बरे गुण पडले आणि कॅपमधून मुंबईतल्याच एका कॉलेजात प्रवेश मिळाला. ते फार मोठ्या नावाचे नाही, पण तिथल्या मुलांना बिझनेस अॅनालिस्टची कामे मिळतात, हे त्याने चार माजी विद्यार्थ्यांना विचारून पक्के केले होते. फ्रीशिपचा अर्ज भरला आहे. फंडाची ठेव जागेवर आहे.

परवा विहारात माउली भेटली. “आता काय सांगता पोराबद्दल?” आम्ही विचारले.

ती हसून म्हणाली, “गोदामात माल कुठं हरवतो ते कंप्युटरवाल्यांना समजावून सांगायचं काम करणार आहे म्हणतो. मला कळलं बाई.” आणि ती पुस्तिका? “कागद चांगला होता. फळीवर डब्यांखाली घातलाय.”

नोकरी अजून लागायची आहे आणि ती लागेलच असे वचन आम्ही देत नाही. पण मुलगा कुठे निघाला आहे, हे आज त्या घरात सगळ्यांना माहीत आहे. आपल्या घरातही पुस्तिका येईल तेव्हा पैसे भरण्यापूर्वी आईचा प्रश्न विचारा. उत्तर मिळेपर्यंत सही करू नका.

जय भीम!